घरात लपवलेला आजार

हा लेख आम्ही दोघी जावांनी मिळून लिहिला आहे. उरणजवळच्या मोरा गावात आमचे एकत्र घर आहे. सासूबाई, दोघे भाऊ, आम्ही दोघी आणि पाच मुले. आमच्यापैकी एकीचे पती दीड वर्ष मनाच्या आजाराने आजारी होते. कोणाचे, ते आम्ही इथे लिहिणार नाही. घरातली थोरली मुलगी लग्नाची आहे, स्थळे येत आहेत. "त्या घरात वेड आहे" असे कोणी म्हटले तर काय करायचे, ही भीती आम्हाला आजही वाटते. पण याच भीतीपायी आम्ही पहिले दहा महिने कोणाला काही सांगितले नाही आणि कोणाला काही विचारलेही नाही. ते दहा महिने आम्हाला फार महाग पडले. म्हणून नाव न घालता का होईना, लिहायचे ठरवले.

२०२२ साली बकरी ईदच्या सुमारास ते आखातातून परत आले. अकरा वर्षे एका कंपनीत होते. तिथे माणसे कमी केली, त्यात त्यांचे नाव आले. सुरुवातीला घरात आनंदच होता. मुलांना बाप मिळाला. मग हळूहळू त्यांची झोप गेली. रात्री तीनला जाग यायची आणि ते भिंतीला टेकून बसून राहायचे. जेवण निम्म्यावर आले. कोणी हाक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला उत्तर मिळायचे. दाढी करायची राहून जायची, कपडे बदलायचे राहून जायचे. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायचे, "माझ्यामुळे घर बुडालं." घर बुडाले नव्हते. धाकट्या भावाची नोकरी चालू होती, चूल पेटत होती. पण ते त्यांना पटत नव्हते.

आम्हाला वाटले, काळजीने होत असेल. मग वाटले, नजर लागली. दम केलेले पाणी झाले, ताविज झाले. नात्यातल्या कोणीतरी दुसऱ्या गावच्या एका आमिलाचा पत्ता दिला. त्याने तीन महिने पैसे घेतले आणि शेवटी "घरातल्याच बाईने केलं आहे" असे सांगून आम्हा दोघींमध्ये संशय पेरून दिला. आठवडाभर आम्ही एकमेकींशी धड बोललो नाही. आज त्याची लाज वाटते.

सर्वात जास्त लागले ते नातेवाइकांचे एक बोलणे, "नमाज सोडली म्हणून असं झालं." खरे उलटे होते. ज्या माणसाला उठून तोंड धुण्याचे बळ राहिले नव्हते, तो मस्जिदीपर्यंत कसा जाणार? आजारामुळे नमाज सुटली होती. पण ते बोलणे त्यांच्या कानावर गेले आणि मनात आणखी एक ओझे बसले, की अल्लाहसुद्धा आपल्यावर नाराज आहे.

बाहेर आम्ही काय सांगत होतो? "साखर वाढली आहे." सासूबाईंनीच तसे ठरवून दिले होते. साखर सांगायला लाज वाटत नाही. लोकांनी प्रेमाने कारल्याचा रस पाठवला, मेथीदाणे पाठवले, जांभळाच्या बियांची पूड पाठवली. आमच्या फडताळात त्या पुड्यांचा ढीग झाला. ज्या दुखण्यासाठी मदत हवी होती ते कोणाला माहीतच नव्हते, मग मदत तरी कशी येणार?

२०२३ च्या रमजान ईदनंतरची गोष्ट. एका पहाटे ते अंथरुणात नव्हते. दार नुसते ओढून घेतलेले. दोघी ओढण्या घेऊन बाहेर पडलो, धाकटे दीर पुढे धावले. ज्यांना मोरा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमचे गाव बंदराचे आहे. इथल्या धक्क्यावरून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. पाऊणएक तासाची वाट. ते धक्क्याच्या टोकाला बसलेले होते आणि त्यांच्या शेजारी कोळीवाड्यातले एक नाखवा बसले होते. हातात चहाची किटली. नाखवा पहाटे होडीकडे निघाले होते. एवढ्या अंधारात हा माणूस एकटा पाण्याकडे बघत बसलाय, हे त्यांना बरे वाटले नाही. त्यांनी काही उपदेश केला नाही, विचारलेही नाही. चहा ओतला आणि बसून राहिले. त्या दिवशी त्यांची होडी गेली नाही.

फज्रची बांग झाली तेव्हा ते त्यांना घेऊन आमच्या दारात आले. आम्हाला बाजूला बोलावून म्हणाले, "वैनी, हा माणूस बरा नाय. माझा धाकटा भाऊ असाच झालेला. चार वर्षं झाली, गोळ्या चालू हायत. आता होडीवर येतो."

त्या भावाला आम्ही रोज बघत होतो. त्याच्याकडून मासळी घेत होतो. त्याच्या आजारपणाचे आम्हाला कधीच कळले नव्हते, कारण त्यांनीही ते लपवले होते. हाकेच्या अंतरावरची दोन घरे एकच दुखणे उशाखाली घेऊन झोपत होती.

नाखव्यांनी मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाचे नाव सांगितले. दोन दिवसांनी पहिल्या लाँचने निघालो. केसपेपर काढला, ओळीत बसलो. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी आधी थायरॉइड आणि साखर तपासायला सांगितले, कारण शरीरातल्या काही बिघाडांमुळेही माणूस असा खचतो. मग म्हणाल्या, "हे नैराश्य आहे. हा आजार आहे. यात यांचा काही गुन्हा नाही." हे वाक्य ऐकून ते दहा महिन्यांत पहिल्यांदा रडले. गोळ्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटले तरी मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावले.

तिसऱ्या आठवड्यात ते सकाळी स्वतःहून चहा मागायला स्वयंपाकघरात आले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

पण गोळ्या पंधरा दिवसांच्या मिळायच्या. दर पंधरा दिवसांनी अख्खा दिवस जायचा. एका बाईला सोबत जावे लागायचे, दुसरीला मुले आणि सासूबाई सांभाळाव्या लागायच्या. ओहोटीला आमच्या धक्क्याशी गाळ उघडा पडतो, लाँच लागत नाही. ओपीडीची वेळ आणि भरतीची वेळ जुळेलच असे नाही. जुलैत तीन नंबरचा बावटा लागला, लाँच बंद. बसने नवी मुंबई आणि पुढे लोकल, एवढा प्रवास त्यांच्याने होईना. आम्ही म्हटले, आता तर बरे आहेत, आठवडाभराने जाऊ. गोळ्या संपल्या. दहा दिवसांत जाग पुन्हा तीनवर आली.

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा प्रश्न पडला. ताप आला तर औषध गावात मिळते. साखरेची गोळी तालुक्याला मिळते. मग याच गोळीसाठी समुद्र का ओलांडायचा?

शोध घेतला तेव्हा कळले, की हा प्रश्न सरकारला आमच्या कितीतरी आधी पडला होता. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला. कर्नाटकातल्या बेळ्ळारी जिल्ह्यात गावाजवळच उपचार देऊन पाहिले आणि त्या अनुभवावर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. त्यामागची कल्पना साधी आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली चार मनोरुग्णालये सगळ्या महाराष्ट्राला पुरणार नाहीत, आणि बहुतेक रुग्णांना भरती होण्याची गरजही नसते. म्हणून जिल्हा रुग्णालयात पथक असावे, त्याने ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी यावे, औषधे जवळ मिळावीत. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. सरकारी सेवेतून मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा त्यात प्रत्येकाचा हक्क आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे. रुग्णाला साखळीने बांधायला मनाई आहे. कोणी जिवाचे बरेवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला तर तो माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरून त्याची काळजी घेणे हे सरकारचे काम आहे.

हे वाचून आम्ही जवळच्या एका सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीवरच्या माणसाने विचारले, "कशासाठी?" मागे ओळखीच्या बायका उभ्या होत्या. आम्ही म्हटले, "साखरेसाठी." आणि परत आलो. हा आमचा पहिला प्रयत्न.

दुसऱ्या वेळी हिंमत केली. उत्तर मिळाले, "तो दिवस ठरवला होता, पण पेशंटच येत नाहीत. म्हणून बंद पडल्यासारखं आहे." आम्ही घरी येऊन विचार करत बसलो. लोक येत नाहीत म्हणून सेवा येत नाही, आणि सेवा येत नाही म्हणून लोक येत नाहीत. यात त्या खिडकीवरच्या माणसाची चूक किती आणि आमची किती? "साखरेसाठी" म्हणून परत फिरणाऱ्या आम्हीच तर होतो. आमच्यासारख्या किती जणी फिरल्या असतील!

दरम्यान शेजारच्या खाला एका दुपारी आल्या. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे कुठल्या डॉक्टरची गोळी आहे? माझी सून बाळंतपणानंतर बोलतच नाही." मग आणखी एक जण आली. मग नाखव्यांची बायको आली. एक आगरी आजी आल्या, त्यांचा मुलगा दारूत बुडालेला. दर रविवारी जोहरच्या नमाजनंतर आमच्या पडवीत चहा व्हायला लागला. वस्तीतल्या आशाताईंना बोलावले. सहा महिन्यांत अकरा घरांतल्या बायका यायला लागल्या. नियम एकच, पडवीतले नाव पडवीबाहेर जाणार नाही.

तिथे आम्ही काही मोठे करत नाही. कोणाच्या गोळ्या कधी संपतात ते एका वहीत लिहितो, नावाऐवजी खुणेने. ज्या घरात सोबतीला कोणी नाही तिथल्या रुग्णासोबत आमच्यापैकी एक जण जाते. आणि ऐकतो. नुसते ऐकणे किती अवघड असते ते तिथे कळले. आपल्याला लगेच सल्ला द्यायची सवय असते.

पुढे वाचनात आले, की हेच काम कितीतरी ठिकाणी शिकवून, पद्धतशीरपणे चालते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने 'आत्मीयता' हा उपक्रम राबवला. गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला, छोट्या छोट्या कामांतून माणसाला पुन्हा उभे करायला आणि गरज दिसली तर डॉक्टरकडे पाठवायला शिकवले. पुण्याच्या वस्त्यांमध्ये बापू ट्रस्टने असेच काम उभे केले. आफ्रिकेतल्या झिंबाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली दवाखान्याच्या आवारात लाकडी बाके टाकून तिथे आज्यांना बसवले, प्रशिक्षण देऊन. तिथल्या भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करत राहणे. आमच्या सासूबाईही हेच म्हणायच्या, "तो विचार लय करतो." आमच्या नाखव्यांना कोणी प्रशिक्षण दिले नव्हते, पण त्या पहाटे धक्क्यावर त्यांनी हेच केले होते.

पण चहा आणि ऐकणे यांनी गोळी मिळत नाही. खालांच्या सुनेला डॉक्टरच हवा होता. मग आशाताईंनी सांगितले, की सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे लोकांनी मागणी मांडायची असते. आपल्या राज्यात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख हा प्रयोग झाला. त्यात गावातल्या लोकांनी आरोग्य केंद्राला गुण दिले, जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर उभे राहून विचारले, की औषध का नाही, डॉक्टर का नाहीत. आमच्या उरण तालुक्यातही शंभर खाटांच्या सरकारी रुग्णालयासाठी लोक वर्षानुवर्षे मागणी करत आले आहेत. पण त्या मागण्यांत मनाच्या डॉक्टरचे नाव क्वचितच ऐकू येते, कारण ते मागणाऱ्याला आधी आपले घर उघडे करावे लागते.

आमच्यापुढेही तोच पेच होता. अर्जावर नावे कशी घालायची? एका मुलीने, आमच्याच थोरलीने, मार्ग काढला. ती म्हणाली, "रुग्णांची नावं कशाला? मागणी करणाऱ्यांची नावं घाला." ज्यांच्या घरात कोणी आजारी नाही अशा बायकांकडेही गेलो. शेवटी चाळीसहून अधिक सह्या आणि अंगठे झाले, मुसलमान, कोळी, आगरी. त्यात कोणाच्या घरी रुग्ण आहे हे कोणालाच कळण्याजोगे नव्हते. मागण्या तीनच लिहिल्या. मनाच्या डॉक्टरचा दिवस ठरवून फलकावर लावा. गोळ्या महिन्याच्या द्या. खिडकीवर मोठ्याने "कशासाठी" विचारू नका.

चार खेपा झाल्या. एकदा अर्ज सापडेना, एकदा साहेब सुट्टीवर. पाचव्या खेपेला दिवस लागला. आज फलकावर तारीख असते आणि गोळ्या महिनाभराच्या मिळतात. सगळे झाले असे नाही. कधी पथक येत नाही, कधी एखादी गोळी संपलेली असते, समुपदेशकाची जागा अजून मागतोच आहोत. पण पथक आले नाही तर आता दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी जाऊन विचारतात, आणि ते विचारायला येणार हे तिथेही माहीत आहे.

मस्जिदीचे सांगायचे राहिले. आम्ही पेशइमाम साहेबांकडे घाबरतच निरोप पाठवला होता. त्यांनी एका जुम्याला सांगितले, की प्रत्येक आजारावर अल्लाहने इलाज ठेवला आहे आणि इलाज करून घेणे ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, हीही त्यांचीच शिकवण. आणि हजारएक वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी या मुसलमान विद्वानाने शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकत्र ग्रंथ लिहिला, मनाच्या दुखण्यालाही उपचार लागतो असे मांडले. बगदाद, दमास्कस, कैरोच्या जुन्या रुग्णालयांत अशा रुग्णांची सोय होती. घरी आल्यावर 'ते' म्हणाले, "म्हणजे माझा ईमान गेला नव्हता." एवढे एक वाक्य गोळीइतके कामाला आले.

दुआ सोडा असे आम्ही म्हणत नाही. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम चालतो. मुजावर दुआ करतात आणि माणसाला तिथल्याच डॉक्टरकडेही पाठवतात. दोन्ही हात एकत्र आले की असे होते. आणि एकच हात राहिला तर काय होते तेही विसरू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडी इथे, दर्ग्याजवळच्या एका खासगी छप्पराला आग लागली. आत साखळीने बांधलेले रुग्ण होते. त्यांना पळता आले नाही. २८ जीव गेले. त्यांना तिथे आणून सोडणाऱ्या घरच्यांना जवळपास दुसरा आसरा माहीत नसेल, किंवा आमच्यासारखीच लाज वाटत असेल.

आपण एकटेच नाही, हेही आकड्यांतून कळते. २०१५-१६ साली देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी झाली. दहा प्रौढांमागे साधारण एकाला मनाचा काही ना काही आजार होता, आणि अशा दहांपैकी किमान सात जणांपर्यंत उपचार पोचलाच नव्हता. आपल्या मस्जिदीतली एक सफ डोळ्यांसमोर आणा आणि मोजा.

आज ते बरे आहेत. धक्क्याजवळच्या एका दुकानाचा हिशोब बघतात. २०२४ च्या रमजानआधी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ इफ्तारनंतर करून घेतली आणि रोजे पूर्ण केले. काही दिवस अजून जड जातात. त्या दिवशी नाखवा येऊन बसतात, फारसे बोलत नाहीत.

थोरलीच्या स्थळांपैकी एका घराला आम्ही सर्व सांगितले. त्यांनी नंतर निरोप पाठवला नाही. दुसऱ्या घरालाही सांगितले आहे, उत्तर यायचे आहे. सासूबाई रागावल्या. मुलगी म्हणाली, "दादी, साखर असती तर सांगितलंच असतं ना?" सासूबाईंकडे त्याचे उत्तर नव्हते, आणि आमच्याकडेही नव्हते.

वाचक भगिनींनो, तुमच्या घरात कोणी महिनाभर धड झोपत नसेल, जेवत नसेल, "मी ओझं आहे" असे म्हणत असेल, तर आमच्यासारखे दहा महिने घालवू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो रात्रंदिवस चालू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. त्या पहाटे हा क्रमांक अस्तित्वात होता, आम्हाला माहीत नव्हता. आज तो आमच्या फडताळाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे. आणि तुमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात जाऊन विचारा, मनाच्या डॉक्टरचा दिवस कोणता? तुमच्या घरी कोणी आजारी नसेल तर जरूर विचारा, कारण ज्यांच्या घरी आहे त्यांना विचारायला जड जाते.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि त्यांच्या घरच्यांना बोलण्याचे बळ देवो. आमीन.